जिला चालवायची, तिला दुकानात आणा

गाडी बघायला माणसं निघतात तेव्हा बहुतेक वेळा चार-पाच जण असतात. नवरा, दीर, पुण्यात कंपनीत कामाला असलेला एखादा भाचा, आणि त्यांच्याबरोबर मी. जिला ती गाडी चालवायची आहे ती मात्र घरी असते, नाहीतर रानात. गेल्या काही वर्षांत उजनीच्या पाण्याकाठच्या गावांतून ‘चार्जिंगची गाडी घ्यायचीय, मिस्त्री, जरा संगट चला’ म्हणणारे वाढले आहेत. दुकानाची पायरी चढायच्या आधी मी त्यांना विचारतो, चालवणारं माणूस कुठाय?

माझं गॅरेज जेऊरच्या बाजूला आहे. हात पेट्रोलच्या गाड्यांवर बसलेला. चार्जिंगच्या गाड्या मी विकत नाही, कुठल्या दुकानाशी माझा व्यवहारही नाही, म्हणूनच लोक मला विचारतात. कुगाव, चिखलठाण, वांगी, केत्तूर, कंदर या पट्ट्यातली माणसं टायरचं पंक्चर काढायला थांबतात, तेव्हा बोलणं निघतं.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागं पार भिगवणच्याही वर पसरलं आणि नदीकाठची जुनी गावं त्याखाली गेली. नवी गावठाणं वर माळावर बसली. लोक मात्र उरलेल्या रानात वस्त्या करून राहिले. त्यामुळं आमच्याकडं ग्रामपंचायत एकीकडं, घर दुसरीकडं, शाळा तिसरीकडं आणि बाजार जेऊरला, करमाळ्याला नाहीतर टेंभुर्णीला. वस्तीवर एसटी येत नाही. ऊस आणि केळीनं पैसा आला, घरटी मोटारसायकल आली, पण ती घरच्या पुरुषाबरोबर दिवसभर बाहेर असते. बाईला उपकेंद्रात जायचं असलं, मुलीला कॉलेजला पोचायचं असलं, की कोण रिकामं आहे ते बघायचं. चार्जिंगच्या गाडीला गिअर नाही, किक नाही, पेट्रोलसाठी पंप गाठायचा नाही. तेव्हा घरातली दुसरी गाडी, बायांची गाडी, हा विचार घरोघर सुरू झाला. ही फार मोलाची गोष्ट आहे असं मी मानतो. म्हणूनच पहिली गाडी नीट निवडली जावी म्हणून मी जीव तोडून सांगतो. पहिल्या पंधरवड्यात गाडी अंगावर पडली, की ती बाई पुन्हा हँडल धरत नाही. गाडी मुलाच्या नाहीतर दिराच्या ताब्यात जाते आणि बाई परत मागच्या सीटवर. असं होताना मी पाहिलंय.

पाण्याकाठच्याच एका गावातल्या आशाताईंची गोष्ट सांगतो. गावठाण आणि त्याभोवतीच्या वस्त्या असा त्यांचा पसारा. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्र. सगळं पायी, नाहीतर कुणाच्या तरी मागं बसून. मालकांनी गाडी पसंत करूनच ठेवली होती. दुकानातली सगळ्यात मोठी, एका चार्जिंगला दीडशे किलोमीटर लिहिलेली. मी म्हटलं, “ताईंना आणा.” ते म्हणाले, “तिला काय कळतंय त्यातलं? आणि शिकवू की आम्ही.” मी म्हटलं, “शिकवा. पण माप तिचं घ्यायचंय.”

ताई दुसऱ्या दिवशी आल्या, कामावरच्या साडीतच. ते बरं झालं, कारण गाडी त्याच कपड्यांत चालवायची होती. मोठ्या गाडीवर बसवलं तर दोन्ही पायांची नुसती बोटं टेकत होती. सीट जमिनीपासून ७८० मिलिमीटर असली तर सव्वापाच फुटाच्या माणसाला चालून जाते. सीट रुंद असली की तीच उंची आणखी जास्त वाटते, कारण मांड्या फाकतात. कागदावरच्या आकड्यात हे रुंदीचं येत नाही. सराईत माणसाला एक पाय टेकला तरी भागतं. नवशिक्याचे दोन्ही तळवे टेकलेच पाहिजेत, कारण घाबरल्यावर माणूस आधी पाय खाली सोडतो आणि मग ब्रेकचं बघतो.

मग मी ताईंना गाडी मधल्या स्टँडवर लावायला सांगितली, एकटीनं. मोठी गाडी सव्वाशे किलोच्या वर होती. ती अर्ध्यात कलली, दुकानातल्या पोरानं धरली. मग तीच गाडी थोड्या चढावर मागं रेटायला लावली. रेटली जाईना. तिच्या शेजारची लहान गाडी शंभरच्या आसपास वजनाची, सीट खाली, पाय ठेवायची जागा सपाट. तिच्यावर बसल्या, उतरल्या, मागं रेटली, स्टँडला लावली. म्हणाल्या, “ही पडली तर माझ्यानं उचलंल.” निवड तिथंच झाली. वस्तीच्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता गाडी आडवी झाली तर हाक मारायला माणूस नसतो. उचलता येईल तीच गाडी आपली.

मालकांना दीडशे किलोमीटरचं मोठं वाटत होतं. मग आम्ही तिथंच बसून हिशेब केला. घर ते उपकेंद्र, तिथून लांबची वस्ती, परत घर. महिन्यातून एखादी मीटिंग टेंभुर्णीकडं. रोजचं चालणं तीस किलोमीटरच्या पुढं जात नव्हतं. कंपनी जो आकडा लिहिते तो ठरावीक वेगात, ठरावीक चाचणीत मिळालेला असतो. आपल्या रस्त्यावर, मागं माणूस बसवून, समोरून वारं असताना त्यातलं दोन-तृतीयांश मिळालं तरी चांगलं म्हणायचं. बॅटरी जुनी झाली की तेही उतरतं. म्हणून माझं मोजमाप असं, की रोजच्या चालण्याच्या दुपटीहून थोडं जास्त लिहिलेलं असावं. तिसाला सत्तर-ऐंशी भरपूर झाले. त्याच्या वरचा प्रत्येक किलोमीटर म्हणजे जादा बॅटरी, जादा बॅटरी म्हणजे जादा वजन, आणि ते वजन चालवणाऱ्या बाईच्या मनगटावर येतं. घरात बसून आकडा वाचणाऱ्याला ते लागत नाही.

वजनानंतर दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी उचल कशी घेते. पेट्रोलच्या स्कूटरला रेस दिली की आधी इंजिन आवाज करतं, फेरे वाढतात, मग क्लच पकडतो आणि मग गाडी हलते. त्या मधल्या क्षणात नवशिका सावध होतो. विजेच्या मोटारीचं तसं नाही. तिचा पूर्ण जोर पहिल्या फेऱ्यापासून असतो, आणि गाडी चालू आहे हे कानाला कळतही नाही. नवशिक्याकडून होणाऱ्या अपघातांतला ओळखीचा प्रकार असा: बाई गाडीवर बसता बसता आधारासाठी उजवी मूठ घट्ट धरते, मनगट खाली जातं, गाडी पुढं झेपावते, घाबरून मूठ आणखी आवळली जाते. गाडी जाऊन गोठ्याच्या भिंतीला धडकते. रस्त्यावर यायच्या आधीच अंगणात हे घडतं.

त्यामुळं दुकानात गाडी मधल्या स्टँडवर लावून मी काही गोष्टी बघतोच. ब्रेक दाबून धरला आणि मूठ पिळली तर मागचं चाक फिरता कामा नये. बाजूचा स्टँड खाली असताना मोटार चालू होता कामा नये. सगळ्यात हळू मोडमध्ये मूठ पटकन पिळली तर गाडी झटका देते की हळूहळू उचलते, ते मी स्वतः चालवून बघतो आणि मग चालवणाऱ्यालाही मोकळ्या जागेत बघायला लावतो. काही गाड्या बंद करून परत सुरू केल्या की आपोआप हळू मोडमध्ये येतात, काही शेवटचा मोड लक्षात ठेवतात. ज्या घरात संध्याकाळी पोरगा तीच गाडी पळवणार आहे, तिथं ही दुसरी जात बाईला घातक. पोरानं रात्री जोराच्या मोडवर सोडलेली गाडी सकाळी आईच्या हाती येते.

आणि किल्ली. हल्ली काही गाड्या मोबाइलवरून उघडतात. पाण्याकाठच्या वस्त्यांवर रेंज कधी असते, कधी नसते. जिच्याकडं साधा फोन आहे, तिला खरी लोखंडी किल्लीच हवी. उतरताना आधी किल्ली बंद, मग पाय खाली. बसताना आधी बसणं, मग किल्ली. हा क्रम हाताला लागायला किल्ली हातात यावी लागते.

नवशिकं म्हणजे फक्त बायका आणि पोरी असंही नाही. आमच्याकडं साठीतले काही अण्णा-तात्या आहेत, ज्यांनी तरुणपणी आकुर्डीची चेतक चालवली. १९७२ पासूनची ती स्कूटर. डाव्या मुठीत गिअर, डाव्या पंजात क्लच. २०२० साली चेतक नावानं विजेवरची गाडी आली तेव्हा या लोकांना फार आनंद झाला, “आपली गाडी परत आली” म्हणून. पण डाव्या पंजाला जुनी सवय असते. वेग कमी करायचा म्हटलं की तो क्लच समजून लिव्हर ओढतो, आणि आता तिथं ब्रेक असतो. बहुतेक गाड्यांत डाव्या लिव्हरनं दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, मुरमावर गाडी जागच्या जागी थबकते आणि माणूस तोल सांभाळत बसतो. मोटारसायकलवाल्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत राहतो, तसाच हा प्रकार. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही मी पहिले काही दिवस नवशिकाच धरतो, आणि तात्यांना ते पटवायला ताईंपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता रस्ता. डांबरी सडक आमच्याकडं आहे, पण घरापासून सडकेपर्यंतचा जो तुकडा असतो त्यावर गाडी ठरते. काळ्या रानातली वाट पावसात अशी चिकटते, की पुढच्या मडगार्डमध्ये माती ठासून चाकच फिरेनासं होतं. दहा इंची चाकाला हे जास्त, बारा इंचीला थोडं कमी. दुकानात मी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून बघतो. बोटं सहज फिरली तर ठीक. दुसरी आमच्याच भागाची अडचण म्हणजे पाइपलाइनी. धरणातून पाणी उचलायला शेतकऱ्यांनी दूरवर पाइप नेलेत. ते रस्ता चिरून पलीकडं जातात, आणि बुजवलेल्या चरीची एकतर वरंबी राहते किंवा खड्डा. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की मोटारी खाली सरकवतात, तेव्हा नव्या चरी पडतात. विजेच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी पायाखाली असते. वजन खाली राहतं म्हणून तोल चांगला राहतो, नवशिक्याला ते सोयीचं आहे. पण अशा वरंब्यावर गाडीचा तळ घासतो. तेव्हा चालवणारी आणि मागं बसणारी अशा दोघींना बसवून तळाची उंची बघावी. रिकाम्या गाडीची उंची मोजून उपयोग नाही.

चार्जिंगबद्दल लोक सगळ्यात शेवटी विचारतात. मी घरी जाऊन सगळ्यात आधी तेच बघतो. गावठाणात वीज बरी असते. वस्तीवरचं कनेक्शन शेतीच्या लाइनवर असलं तर थ्री फेज पाळीनं येतं, उरलेला वेळ सिंगल फेज, आणि दाब इतका कमी की पंखा ओढत ओढत फिरतो. डीपी जळाला तर किती दिवस अंधार ते सांगता येत नाही. प्रत्येक चार्जरवर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. ते दुकानातच वाचून घ्यावं आणि घरच्या संध्याकाळच्या दाबाशी ताडून बघावं. साडेसातशे वॅटचा चार्जर म्हणजे साधारण तीन-साडेतीन अँपिअरचा ओढा, तोही सलग चार-पाच तास. ढिल्या पिनेत नाहीतर मोबाइलच्या एक्स्टेन्शन बोर्डात तो लावला की प्लास्टिक वितळतं. जाड वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि मीठ-कोळसा घालून केलेली खरी अर्थिंग, एवढा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. आशाताईंच्या घरी अर्थिंगची वायर भिंतीतून बाहेर काढून तशीच लोंबत ठेवलेली होती. ती जमिनीत गेल्यावरच गाडी घरी आली.

आणि जागा. आमच्याकडं गाडी उभी करायची म्हटलं की गोठा. तिथंच कडबा, तिथंच वैरण. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या गाड्या पेटल्याचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर आले, त्यात पुण्यातलाही एक होता. अजूनही बायका मला घाबरत विचारतात, “मिस्त्री, पेटायची तर न्हाई न्हवं?” त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. एआयएस १५६ नावाच्या त्या मानकातल्या दुरुस्त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. म्हणून जुन्या बाजारातून गाडी घेणाऱ्याला मी आधी बनल्याची तारीख बघायला सांगतो. मार्च २०२३ नंतरची असली तरच पुढं बोलायचं. पण नियम कितीही चांगला असला तरी कडब्याच्या गंजीशेजारी चार्जिंग लावायचं नाही. सोलापूरच्या उन्हात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. तापलेली गाडी आणून लगेच पिन लावायची नाही, तासभर सावलीत थंड होऊ द्यायची. विजा कडाडायला लागल्या की पिन काढायची. ज्या घरात सुरक्षित सावलीची जागाच नाही, तिथं बॅटरी काढून आत नेता येईल अशी गाडी मी सुचवतो. पण तिथंही बॅटरी तिच्याकडूनच उचलून बघून घेतो. दहा-बारा किलोचा तो डबा रोज उंबरा ओलांडून न्यायचा असतो.

बॅटरीच्या जातींबद्दल थोडक्यात. स्वस्त गाडीत शिशाची बॅटरी असली तर वजन जास्त आणि आयुष्य कमी. वर्ष-दीड वर्षात बदलायची वेळ येते तेव्हा स्वस्ताई संपते. लिथियममध्ये एलएफपी प्रकारची बॅटरी उष्णता जास्त सोसते, पण तेवढ्याच वजनात साठा कमी धरते. आमच्या भागातल्या कमी अंतराच्या आणि जास्त उन्हाच्या कामाला ती मला बरी वाटते.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पंचवीसच्या गाडीवरून. ज्या गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही आणि मोटार २५० वॅटपर्यंत आहे, तिला पासिंग लागत नाही, लायसन लागत नाही. आईबापांना वाटतं, पोरीसाठी हेच उत्तम. वस्ती ते गावातली शाळा एवढंच जाणं असेल तर मी हो म्हणतो. पण ज्या मुलीला करमाळा-टेंभुर्णी रस्त्यावरून जायचंय तिला ती गाडी मी घेऊ देत नाही. हंगामात त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, केळीच्या गाड्या असतात, मागून येणारा ट्रक पंचवीसच्या वेगाला थांबत नाही. अशा जागी हळू असणंच धोक्याचं होतं. काही ठिकाणी “एक वायर काढली की पंचेचाळीस पळंल” असं सांगून ही गाडी विकतात. ती गाडी मग ना कायद्यात बसते, ना तिचे ब्रेक त्या वेगाचे असतात. मोठ्या रस्त्याला रीतसर नंबरची गाडीच हवी, एमएच ४५ ची हिरवी पाटी, अकलूजच्या कार्यालयाचं लायसन, डोक्यावर हेल्मेट. पोरगी अठराची नसेल तर तोवर एसटीची वाट बघणं बरं, हे मी तिच्या तोंडावर सांगतो. ती नाराज होते. होऊ दे.

शिकवताना मी आधी किल्ली देतच नाही. बंद गाडी ढकलत नेणं, वळवणं, ब्रेकनं थांबवणं. ज्यांना सायकल येते त्यांचं काम लवकर होतं. ज्यांना येत नाही त्यांना उताराच्या जागी दोन्ही पाय सोडून, बंद गाडीवरच तोल शिकवतो. मग हळू मोड, शाळेचं रिकामं पटांगण. नवऱ्यानं मागं बसून शिकवायचं नाही, ही माझी अट असते. मागून “ब्रेक, ब्रेक” ओरडणाऱ्या माणसामुळं हात चुकतो, शिवाय त्याचं वजन मागं असतं. आशाताईंना त्यांच्या जावेनं शिकवलं, आणि शिकवता शिकवता जाऊही शिकली.

कंपनीची माणसं कुठं भेटतील हेही मी विचारतो. पेट्रोलची गाडी मी रस्त्यात उघडून बसू शकतो. या गाडीचं बरंच काम लॅपटॉप लावून होतं. तेव्हा सोलापूर-पुण्यापर्यंत टेम्पोत घालून न्यावी लागणाऱ्या भारी गाडीपेक्षा तालुक्यात दुरुस्त होणारी थोडी साधी गाडी मी पसंत करतो, यावर दुकानदार माझ्याशी भांडले तरी.

ताईंची बहीण इंदापूरच्या बाजूला दिलेली आहे, पाण्याच्या पलीकडं. समोर दिसतं, पण रस्त्यानं टेंभुर्णीवरून मोठा वळसा. आमच्याकडं बोटीत मोटारसायकली चढवून लोक पलीकडं जात आले आहेत. २१ मे २०२४ ला वादळात कुगावहून कळाशीकडं जाणारी बोट उलटली आणि सहा माणसं गेली. तेव्हापासून बोटीत गाडी घालायची गोष्ट कुणी काढली की मी स्पष्ट नाही म्हणतो. कुगाव आणि शिरसोडीच्या मध्ये पुलाचं काम चाललं आहे. परवा ताई पंक्चर काढायला थांबल्या तेव्हा म्हणाल्या, “पूल झाल्यावर ही गाडी बहिणीकडं जाऊन यील का, का मोठीच घ्यायला पायजे हुती?” मी म्हटलं, “जाईल की. चार्जर डिकीत टाकून न्या, जेवण होईपर्यंत तिकडं लावा. फक्त त्यांच्या घरची अर्थिंग आधी बघून घ्या.”